बाबांच्या पलंगापाशी उणे अठ्ठ्याहत्तर

"काका, माझ्या ओठांकडे बघा," असं म्हणून मॅडमनी ओठ मिटले आणि चित्र तिथेच थिजलं. मिटलेले ओठ, अर्धवट झाकलेले डोळे आणि मधोमध गोल फिरणारं चक्र. बाबा टक लावून बघत राहिले. सात-आठ सेकंदांनी आवाज एकदम धावत आला, "...णी, पाणी, छान. आता तुम्ही म्हणा." 'प' कधी फुटला ते बाबांना दिसलंच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डावा हात उडवून 'राहू दे' अशी खूण केली.

बाबांना पक्षाघाताचा झटका आला त्याला तेव्हा दोन महिने झाले होते. उजवी बाजू गेली, ती हळूहळू परत येत होती. वाचा मात्र गेली ती गेलीच होती. याला वाचाघात म्हणतात. समोरचा काय बोलतोय ते बाबांना कळतं, काय बोलायचं तेही मनात असतं, पण शब्द ओठांपर्यंत पोचत नाही. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे प्रत्येक वाया गेलेला तास मला दिसत होता.

स्पीच थेरपीच्या मॅडम मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता व्हिडिओ कॉलवर यायच्या. पंचेचाळीस मिनिटं. सुरुवात त्यांनी प, फ, ब, भ, म यांच्यापासून केली. शाळेत आपण 'ओष्ठ्य' म्हणून पाठ केलेले हे वर्ण. ओठ कसे मिटतात आणि कसे उघडतात हे डोळ्यांना दिसतं, म्हणून पेशंटला नक्कल करता येते. घशातून किंवा टाळूला जीभ लावून काढायचे वर्ण असे दिसत नाहीत. म्हणजे या उपचारात औषध म्हणजे ते चित्र होतं, आणि आमच्याकडे तेच पोचत नव्हतं. फोनचा पडदा लहान पडतो म्हणून पुण्याहून दादाने दहा इंची टॅब्लेट पाठवला होता. पण त्यावर रेंजच्या तीन रेघांपैकी एक दिसायची, कधी तीही जायची.

आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. जुन्या इमारतीत दोन खोल्या होत्या, विटांच्या भिंती, आणि वायफाय कुठल्याही कोपऱ्यात मिळायचं. पुनर्विकासात टॉवर झाला, आम्हाला तेराव्या मजल्यावर घर मिळालं. हॉल, पॅसेज आणि पॅसेजच्या टोकाला बाबांची खोली. खिडकीतून खाडीचा वारा येतो. पण या घराच्या भिंतीत वीट नाही. ॲल्युमिनियमच्या साच्यात सळया उभ्या करून काँक्रीट ओतलेलं आहे, आतल्या खोल्यांच्या भिंतीसुद्धा तशाच. खिळा ठोकायचा तर हॅमर ड्रिल लागतं. मुंबईत आता बरेचसे टॉवर असेच बांधतात, आणि अशा घरात राहायला गेलेल्या माझ्या दोन मैत्रिणींची तक्रार हीच आहे, की हॉलमध्ये नेट पळतं आणि बेडरूममध्ये रांगतं. त्याचं कारण या भिंतींत आहे, हे मला फार उशिरा कळलं.

पहिली चूक मी केली ती नेट कंपनीच्या मागे लागण्याची. चार वेळा फोन केले. चारही वेळा 'बॉक्स बंद करून चालू करा' असं उत्तर. मग त्यांचा माणूस आला, बॉक्सजवळ उभा राहिला, स्वतःच्या फोनवर स्पीड टेस्ट केली, ९६ आकडा दाखवला. आमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा. "ताई, आमच्याकडून बरोबर येतंय," म्हणाला. मी त्याला बाबांच्या खोलीत चल म्हटलं, तर "आत आमचं काही नसतं" म्हणून गेला. राग आला खरा. पण त्याचं अर्धं म्हणणं बरोबर होतं. नेट घरात पोचत होतं. घरातल्या घरात ते पलंगापर्यंत पोचत नव्हतं.

दुसरी चूक रिपीटरची, म्हणजे वायफाय ऐकून पुढे पाठवणाऱ्या छोट्या डब्याची. स्टेशनजवळच्या दुकानदाराने सांगितलं, प्लगात लावा आणि विसरून जा. मी तो बाबांच्या उशाशी असलेल्या प्लगात लावला. टॅब्लेटवर एकदम सगळ्या रेघा भरल्या. मला इतका आनंद झाला की मी दादाला फोटो पाठवला. आणि शुक्रवारी पाचला कॉल आधीपेक्षा जास्त अडकला. टॅब्लेट ज्या रेघा दाखवत होता त्या रिपीटरपर्यंतच्या होत्या. रिपीटरला स्वतःला हॉलमधून जे ऐकू येत होतं ते तेवढंच क्षीण होतं. जिथे आवाज पोचतच नाही अशा जागी उभं राहून कुणी निरोप पुढे सांगत असेल, तर तो कितीही मोठ्याने ओरडला तरी निरोप तुटकाच येणार. रिपीटर ठेवायचाच असेल तर अर्ध्या वाटेवर, जिथे रेंज अजून चांगली आहे तिथे ठेवावा लागतो. शिवाय स्वस्त रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. मी तो परत केला.

खरी सुरुवात झाली ती समोरच्या काकूंच्या मुलामुळे. तो डिप्लोमाला आहे, बाबांना बघायला आला होता. मी रेघा दाखवल्यावर म्हणाला, "ताई, रेघांवर जाऊ नकोस. रेघ कधी भरायची ते प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. आकडा बघ." त्याने टॅब्लेटच्या सेटिंग्जमध्ये 'बिल्ड नंबर' या ओळीवर सात वेळा टिचक्या मारल्या. त्याने 'डेव्हलपर ऑप्शन्स' नावाचा नवा विभाग उघडला. त्यात 'वाय-फाय व्हर्बोज लॉगिंग' चालू केलं, आणि वायफायची यादी उघडल्यावर प्रत्येक नावाखाली बारीक अक्षरांत आकडे दिसू लागले. अँड्रॉइडवर त्यासाठी वेगळं ॲप लागत नाही. आयपॅड असेल तर ॲपलचं एअरपोर्ट युटिलिटी हे ॲप घेऊन आयपॅडच्या सेटिंग्जमधून त्याचा वाय-फाय स्कॅनर चालू करावा लागतो.

हा आकडा म्हणजे पोचणाऱ्या वायफायची ताकद. तो डीबीएम या मापात असतो आणि नेहमी उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६५ च्या आसपासपर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७० च्या पुढे कुरकुर सुरू होते, उणे ८० ला कसंबसं. आणि हा साधा मोजपट्टीसारखा आकडा नाही. तीनने खाली गेला की ताकद निम्मी होते, दहाने खाली गेला की एक दशांश.

बाबांच्या पलंगापाशी उणे ७८ होता.

त्या रात्री बाबा झोपल्यावर मी आईच्या हिशेबाच्या वहीत घराचा नकाशा काढला आणि टॅब्लेट हातात घेऊन फिरले. प्रत्येक जागी अर्धा मिनिट थांबायचं, कारण आकडा सारखा हलतो, आणि मधला आकडा लिहायचा. सोफ्यावर उणे ५८. स्वयंपाकघराच्या दारात उणे ६४. पॅसेजच्या तोंडाशी उणे ६५. पॅसेजच्या टोकाला उणे ७०. खोलीच्या उंबऱ्यावर उणे ७३. पलंगावर, बाबा जिथे डोकं टेकतात तिथे, ७८. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "भिंतीला ओल कुठून येते ते शोधतात तसं करतेयस."

तसंच होतं ते. आणि वहीत पाहिल्यावर पहिली गोष्ट खटकली ती सोफ्याची. बॉक्सपासून सोफा तीन-चार पावलांवर. मध्ये भिंत नाही. तिथे उणे ५८ का? तिथे तर ५० च्या आत हवा.

बिल्डरने मुख्य दाराशेजारी भिंतीत एक पत्र्याचा कप्पा दिलाय, झाकणासकट. केबल, इंटरकॉम, फायबर, सगळं त्यात येतं. नेटवाल्याने बॉक्स त्याच कप्प्यात बसवला होता आणि झाकण लावून दिलं होतं. दिसायला नीटनेटकं. पण वायफायच्या लहरी पत्र्यातून जात नाहीत, परततात. बॉक्स लोखंडी पेटीत बोलत होता आणि झाकणाच्या फटींतून जे निसटेल तेच घरभर पसरत होतं. कप्प्यासमोर आम्ही चपलांचं कपाट ठेवलेलं, तेही पत्र्याचं.

बॉक्स मी स्वतः बाहेर काढला नाही. फायबरची तार म्हणजे आत केसासारखी बारीक काच असते. ती घट्ट वळवली की प्रकाश वळणावरच बाहेर गळतो, आणि तुटली तर जोडायला खास मशीन लागतं. पुन्हा तक्रार नोंदवली, या वेळी 'बॉक्स दोन फूट वर हलवायचा आहे' एवढंच नेमकं सांगितलं. दुसराच माणूस आला, वयाने मोठा. कप्प्यात गुंडाळलेली जास्तीची तार त्याने मोठ्या वेटोळ्यात सोडवली आणि बॉक्स कप्प्याच्या वर, डोक्याच्या उंचीवर लावला. चपलांचं कपाट आम्ही दुसऱ्या बाजूला सरकवलं. सोफ्यावर उणे ५८ चा ४६ झाला. बाबांच्या पलंगापाशी ७८ चा ७१. एक रुपया खर्च न होता.

तरीही ७१. माझ्या फोनवर, त्याच पलंगावर, त्याच वेळी उणे ६३ दिसत होता. दोन्ही उपकरणं एकाच जागी आणि आठाचा फरक. मग दोष घराचा की टॅब्लेटचा?

हे ठरवायला मी फोनचा हॉटस्पॉट चालू करून फोन स्टुलावर ठेवला आणि टॅब्लेट बरोबर एक हात अंतरावर धरला. मध्ये भिंत नाही, लोखंड नाही. तिथेही आकडा हवा तितका चांगला येईना. टॅब्लेट फिरवून पाहिला, उलटा धरला. पाठीवर बोट फिरवताना कव्हरच्या आत काहीतरी कडक लागलं. स्टँडला चुंबकाने चिकटावा म्हणून त्या कव्हरमध्ये पोस्टकार्डाएवढी लोखंडी पट्टी शिवलेली होती. टॅब्लेटची पाठ ॲल्युमिनियमची आहे, वरच्या कडेला फक्त बोटभर रुंद प्लास्टिकची पट्टी आहे. धातूच्या पाठीच्या उपकरणात अँटेना अशा प्लास्टिकच्या खिडकीमागे बसवतात, कारण लहरींना बाहेर पडायला तेवढीच वाट असते. आमच्या कव्हरचं लोखंड नेमकं त्या वाटेवर आडवं आलं होतं.

कव्हर काढलं. हॉटस्पॉटवर आकडा सातने सुधारला. पलंगापाशी ७१ चा ६४. माझ्या फोनच्या बरोबरीला आला. मी नुसती बसून त्या कव्हरकडे बघत राहिले. दादाने प्रेमाने निवडून पाठवलेलं, बाबांच्या आवडत्या निळ्या रंगाचं. दोन महिने ते औषधाच्या बाटलीचं बूच होऊन बसलं होतं. त्याला अजूनही हे सांगितलेलं नाही.

७८ वरून ६४. ताकदीच्या हिशेबात पंचवीस पट. मंगळवारी मी निर्धास्त होते. आणि मंगळवारी कॉल पाच वेळा अडकला.

इथे मी खचले होते, खरं सांगते. आकडा तर व्हिडिओ कॉलला पुरेसा होता. त्याच संध्याकाळी काकूंच्या मुलाला पुन्हा बोलावलं. तो म्हणाला, आकडा म्हणजे आपल्या राउटरचा, म्हणजे त्या बॉक्सचा, आवाज किती मोठा येतोय तेवढंच. खोलीत गोंगाट किती आहे ते त्यात कळत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये शेजारचा माणूस कितीही मोठ्याने बोलला तरी शब्द पुसले जातात ना, तसं. त्याने वायफायची यादी खालपर्यंत सरकवून मोजली. बाबांच्या खोलीतून ४१ नावं दिसत होती. वरचे, खालचे, बाजूच्या विंगचे. आणि त्यांतली बहुतेक आमच्यासारखीच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात.

या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनल आहेत, पण ते एकमेकांना खेटून आहेत. दोन चॅनलमध्ये अंतर ५ मेगाहर्ट्झचं आणि एका राउटरला जागा लागते २० ची. त्यामुळे एकमेकांवर न चढणारे म्हणून साधारण तीनच वापरतात, १, ६ आणि ११. टॉवरमधले चाळीस राउटर या तीन गल्ल्यांत. त्यात आमच्या बॉक्सला ४० मेगाहर्ट्झची रुंदी दिलेली, म्हणजे दोन गल्ल्या अडवून उभा, आणि दोन्हीकडचा गोंगाट ऐकत. ती २० केली. चॅनल 'ऑटो'वरून काढून ११ वर ठेवला, कारण आमच्या खोलीत तो त्यातल्या त्यात रिकामा दिसत होता.

आणखी एक गोष्ट त्याने विचारली, जी मला सुचलीच नसती. "आजोबांना आवाज कुठून येतो?" बाबांना ऐकायला कमी येतं, म्हणून टॅब्लेटला ब्लूटूथचा स्पीकर जोडलेला. ब्लूटूथही त्याच २.४ च्या पट्ट्यात चालतं. बऱ्याच टॅब्लेटमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर असतात आणि पाळीपाळीने बोलतात. एकीकडे चित्र येतंय, दुसरीकडे आवाज स्पीकरला जातोय, आणि दोघं एकाच दारातून. स्पीकर वायरने जोडला, ब्लूटूथ बंद केलं. आकडा तोच राहिला, उणे ६४. पण शुक्रवारच्या कॉलमध्ये अडकणं पाचाचं दोनावर आलं.

जे करून काही फरक पडला नाही तेही सांगून टाकते. टॅब्लेटचा बॅटरी सेव्हर बंद केला. सेव्ह केलेलं वायफाय विसरवून पुन्हा जोडलं. नेटवर्क सेटिंग्ज रिसेट केल्या. हॉस्पिटलचं जुनं वायफाय यादीतून काढलं. एअर बेडचा पंप बंद करून पाहिला, कारण तो सारखा घुमतो आणि मला त्याचा संशय होता. आकडा हलला नाही. मायक्रोवेव्ह चालू असताना मात्र स्वयंपाकघराजवळ २.४ वर खरोखर गडबड होते, कारण तो २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. पण पाच वाजता आमच्याकडे मायक्रोवेव्ह कोणी लावत नाही.

गोंगाटातून सुटायचं तर वायफायच्या दुसऱ्या पट्ट्यावर, ५ गिगाहर्ट्झवर, जायला हवं होतं. तिथे चॅनल पुष्कळ आणि शेजाऱ्यांचा आवाज भिंतीपलीकडून येत नाही. पण ज्या कारणाने शेजाऱ्यांचा येत नाही त्याच कारणाने आमचाही हॉलमधून येत नव्हता. बाबांच्या पलंगापाशी ५ गिगाहर्ट्झचा आकडा उणे ८४. या घरात त्या लहरी काँक्रीटच्या दोन भिंती ओलांडत नाहीत. म्हणजे राउटर भिंतीच्या या बाजूला आणावा लागणार आणि त्याच्यापर्यंत नेट तारेने न्यावं लागणार. दुसरा उपाय नव्हता. मेश, म्हणजे घरभर ठेवायचे एकमेकांशी जोडलेले वायफायचे डबे, घे असं दोघा-तिघांनी सुचवलं, पण मेशचे डबेसुद्धा एकमेकांशी बिनतारी बोलणार असतील तर त्यांना त्याच भिंती आडव्या येणार. मी तारेच्याच बाजूची आहे. तारेला भिंत नाही, शेजारी नाही, आणि १०० मीटरपर्यंत ती कुरकुर करत नाही.

भिंत फोडायची वेळ आली नाही. टीव्हीच्या केबलसाठी बिल्डरने पत्र्याच्या कप्प्यापासून प्रत्येक खोलीपर्यंत काँक्रीटमध्येच पाइप पुरलेला असतो. बाबांच्या खोलीतला तो कधी वापरलाच नव्हता, स्विचबोर्डशेजारी कोरी पांढरी पट्टी लावलेली होती.

केबल आणायला शनिवारी लॅमिंग्टन रोडला गेले. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण मुंबईत तुम्ही कुणालाही विचारा, लॅमिंग्टन रोडच म्हणणार. विक्रोळीहून दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. बाबा नोकरीत असताना रेडिओचे सुटे भाग आणायला याच रस्त्यावर यायचे आणि मला बोट धरून न्यायचे. दोन दुकानांत 'कॅट सिक्स' या प्रकारची नेटची तार म्हणून जी दाखवली ती हातात फारच हलकी लागली. तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या काकांनी स्वतःहून ब्लेड काढलं, आतल्या एका तारेवर हलकं खरवडलं आणि दिव्याखाली धरलं. आत चंदेरी. "ॲल्युमिनियम आहे, वरून तांब्याचा मुलामा." मग दुसऱ्या रिळातली खरवडून दाखवली. आतपर्यंत लाल. वीस मीटर घेतली, जॅक घेतले.

रविवारी इलेक्ट्रिशियन मामा आले. पत्र्याच्या कप्प्यातून पाइपात स्प्रिंग सारायला सुरुवात केली. आठ-नऊ मीटर गेली आणि थांबली. मागेपुढे करून पाहिली, हलेना. काँक्रीट ओतताना साच्यातून पाणी-सिमेंट पाइपात शिरतं आणि वळणावर सुकून बसतं, असं ते म्हणाले. मग दुसऱ्या टोकाकडून, बाबांच्या खोलीतून, पातळ स्प्रिंग घातली. बाबा उशी टेकून बघत होते. मामांनी कान भिंतीला लावला, स्प्रिंग थोडी मागे ओढून पुन्हा ढकलली, ओढून पुन्हा ढकलली. प्रत्येक वेळी आतून खर्र असा आवाज. पंधरा-वीस मिनिटांनी भुरभुर सिमेंट पाइपाच्या तोंडातून फरशीवर पडलं आणि स्प्रिंग एकदम हातभर आत गेली. बाबांनी डाव्या हाताने चादरीवर थाप मारली. मग तारेला टाल्कम पावडर लावून, एकीकडून मी ढकलत आणि दुसरीकडून मामा ओढत, ती अठरा मीटर तार आत गेली.

जॅक बसवताना आठ तारांचा क्रम मी वहीतून वाचत होते. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. टेस्टरवर एकामागून एक दिवे लागत गेले आणि सातवा लागला नाही. सातवी तार जॅकच्या टोकापर्यंत पोचली नव्हती. कापून पुन्हा बसवला, आठही लागले.

जुन्या घरातला राउटर माळ्यावर पडून होता, दोन्ही पट्ट्यांचा. तोच बाबांच्या खोलीत लावला. इथे एक बारीक पण अडवणारी गोष्ट आहे. दुसरा राउटर नुसता जोडला तर तोही घरातल्या उपकरणांना पत्ते वाटायला लागतो, आणि मग कोण कुणाचं ऐकतंय हा घोळ होतो. आमच्याकडे अर्धा तास टॅब्लेट वायफायला जोडलेला दाखवत होता आणि नेट मात्र नव्हतं. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी, म्हणजे हे पत्ते वाटणं, बंद केलं, त्याचा स्वतःचा पत्ता हॉलच्या बॉक्सपेक्षा वेगळा ठेवला, तार त्याच्या बाहेरून नेट घेणाऱ्या 'वॅन'ऐवजी घरातल्या उपकरणांसाठीच्या 'लॅन'च्या भोकात लावली. चालू झालं. त्याच्या ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव दिलं, 'बाबांची खोली', आणि टॅब्लेटला तेवढं एकच नाव लक्षात ठेवायला लावलं, म्हणजे तो उगाच हॉलच्या बॉक्सकडे धावणार नाही. चॅनल ३६ ठेवला. ५२ पासून १४४ पर्यंतचे चॅनल रडारबरोबर वाटून घ्यायचे असतात. रडारची चाहूल लागली की राउटर चॅनल सोडतो, आणि नेमका तेव्हा कॉल तुटतो. राउटरच्या दोन्ही अँटेना पलंगाकडे रोखण्याचा मोह झाला होता. पण अँटेनाच्या टोकाच्या दिशेला सर्वांत कमी ताकद असते, लहरी तिच्या अंगाभोवती पसरतात. म्हणून दोन्ही सरळ उभ्या केल्या.

पलंगापाशी आकडा आला उणे ४६. वहीतल्या नकाशावर ७८ खोडून, त्याखालचा ७१ खोडून, त्याखालचा ६४ खोडून मी तो लिहिला. आईने चष्मा लावून वाचला आणि वही परत हिशेबाच्या फडताळात ठेवली.

आता दोन्ही डबे इन्व्हर्टरवर आहेत. निळं कव्हर कपाटात आहे. टॅब्लेट पलंगाच्या लोखंडी दांड्याला अडकवायचे तेही सोडलं, लाकडी पाटावर उशीला टेकवून ठेवते, वरची प्लास्टिकची कड मोकळी राहील असा.

गेल्या मंगळवारी मॅडमनी 'भ' घेतला. शब्द होता भाकरी. बाबांचा पहिल्यांदा 'बा' आला. दुसऱ्यांदा 'बा'. मॅडमनी तळहात तोंडासमोर धरला आणि 'भ' म्हणताना हवा हातावर कशी आपटते ते दाखवलं, ओठ मिटून, थांबून, मग सोडून. चित्र अडकलं नाही. बाबांनी डावा हात तोंडासमोर धरला. तिसऱ्यांदा नुसती हवा आली. चौथ्यांदा "भा... भाक्री" आलं, आणि बाबा आणि मॅडम एकाच क्षणी हसले. पूर्वी मॅडमचं हसू आमच्यापर्यंत यायला तीन-चार सेकंद लागायचे, आणि तोवर बाबांनी मान फिरवलेली असायची.